जागतिक दारिद्र्यनिवारण आणि आपल्या मंडळीचे अर्पण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीच्या वार्षिक अंदाजपत्रकातला एक ठरावीक हिस्सा अतिदरिद्री लोकांसाठी कायमचा बाजूला काढावा, असा प्रस्ताव इंदूरमधल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या समितीपुढे आला, तेव्हा सभासदांनी जे प्रश्न विचारले ते आणि त्यांची आमची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक प्रश्न रास्त होते. एकदोन टाळाटाळीचे होते, पण उत्तर त्यांनाही द्यायलाच हवे होते. इतर मंडळ्यांच्या पाळकांना, वडीलजनांना आणि खजिनदारांना हीच चर्चा पुन्हा पहिल्यापासून करावी लागू नये, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

अतिदारिद्र्य म्हणजे नेमके काय आणि असे लोक जगात किती आहेत?

जागतिक बँकेने जून २०२५ पासून माणशी दररोज ३ डॉलर ही अतिदारिद्र्याची रेषा मानली आहे. हा डॉलर बँकेच्या दराने रुपयांत बदलायचा नसतो. एका डॉलरला अमेरिकेत जेवढी वस्तू मिळते तेवढी आपल्याकडे किती रुपयांत मिळते, या क्रयशक्तीच्या हिशेबाने तो मोजतात, आणि त्यामुळे रुपयांत ती रक्कम ऐकताना वाटते त्याहून पुष्कळच लहान भरते. या रेषेखाली आज जगात सुमारे ८० कोटी माणसे आहेत, म्हणजे दहांतला जवळजवळ एक. त्यांतले बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत.

चित्र केवळ काळे नाही. याआधी वापरात असलेल्या २.१५ डॉलरच्या रेषेने पाहिले, तर १९९० मध्ये जगातील सुमारे ३८ टक्के लोक तिच्याखाली होते आणि २०१९ पर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आले. भारतात नव्या ३ डॉलरच्या रेषेखालचे प्रमाण २०११-१२ मध्ये सुमारे २७ टक्के होते, ते २०२२-२३ मध्ये ५ टक्क्यांच्या थोडे वर उरले. तरीही ती माणसे साडेसात कोटींच्या घरात जातात.

हे काम सरकारांचे नाही का? चर्चने यात का पडावे?

सरकारांचे आहेच. परंतु सरकारांना या कामाची आठवण करून देण्यात चर्चचा हात जुना आहे, आणि ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत फारशी सांगितली जात नाही. श्रीमंत देशांनी आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा गरीब देशांना द्यावा, ही कल्पना १९५८ मध्ये जागतिक चर्च परिषदेने मांडली होती. तिने संयुक्त राष्ट्रांतील सर्व प्रतिनिधिमंडळांना एक निवेदन पाठवले आणि त्यात एक टक्क्याचे प्रमाण सुचवले. पुढे १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सरकारी मदतीसाठी ०.७ टक्क्यांचे लक्ष्य ठरवले. ते गाठणारे देश आजही हाताच्या बोटांवर मोजता येतील, हा भाग वेगळा.

बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायातील योबेल वर्षाची, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन परत करण्याची आणि बांधील माणसे मोकळी करण्याची, कल्पना घेऊन १९९० च्या दशकात गरीब देशांची कर्जे माफ करण्याची चळवळ उभी राहिली. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅममध्ये आठ बड्या देशांचे नेते जमले असताना सुमारे ७० हजार लोकांनी शहरात मानवी साखळी केली होती, आणि त्यांतले पुष्कळसे चर्चमधून आलेले साधे सभासद होते. त्यामुळे पैसा देणे आणि आवाज उठवणे ही दोन्ही कामे मंडळीला परकी नाहीत. मात्र स्वतःच्या अंदाजपत्रकात एक रुपयाही न ठेवता सरकारांना टक्केवारी सांगणे शोभत नाही, हे समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदाचे म्हणणे आम्हाला पटले.

“गरीब नेहमी तुमच्याजवळ असतील” असे प्रभूनेच म्हटले आहे. मग दारिद्र्य संपवण्याची भाषा कशाला?

हे वचन मार्ककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात आहे, आणि ते बोलणाऱ्याच्या व ऐकणाऱ्यांच्या मनात जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाचा १५ वा अध्याय होता. देशात गरीब सदैव असतील, असे तेथे म्हटले आहे आणि त्याच ओळीत, म्हणून तू आपला हात सैल सोड, अशी आज्ञा आहे. अर्धी ओळ पाठ करून उरलेली सोडून देणे म्हणजे बिलातली सूट वाचून रक्कम न वाचण्यासारखे आहे. शिवाय त्याच अध्यायात थोडे आधी, तुमच्यात कोणी गरीब असू नये, असेही लिहिले आहे.

आपल्याच मंडळीत गरजू आहेत, छप्पर गळते आहे. घरचे झाले थोडे असताना बाहेरचे कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याला झटकून टाकता येत नाही. आमच्या सभासदांत असे वृद्ध आहेत ज्यांची घरे गिरणी बंद पडल्यावर वर्षानुवर्षे उधारीवर चालली. मंडळीच्या मदतनिधीतून त्यांना औषधाला आणि नातवंडांच्या फीला जे मिळते त्याला कात्री लावून दूरच्या कोणाला देणे अन्यायाचे होईल, आणि तसा प्रस्तावही नाही.

परंतु आपण स्वतः कोठून आलो, तेही पाहावे. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी १८७७ पासून इंदूरच्या कामाला माणसे आणि पैसा पुरवला. इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ मध्ये निघाले ते त्यातूनच. तो पैसा देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी इंदूर पाहिले असेल. त्यांच्या देवळांची छपरे गळत नव्हती असे मानायला काही आधार नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, तेव्हा १८८७ साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने त्यांना दहा वर्षे मदत देण्याची हमी दिली होती. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात येऊन निराधार स्त्रिया आणि मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. घेणारे हात दहा वर्षांत देणारे झाले. आपल्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मिळाला आहे.

ख्रिस्ती इतिहास बाजूला ठेवला, तरी होळकरांच्या शहरात राहणाऱ्याला हे अवघड वाटू नये. अहिल्याबाईंनी काशीत, गयेत, रामेश्वरात आणि बदरीनाथाच्या वाटेवर जी बांधकामे केली, अन्नछत्रे चालवली, ती बहुतांशी त्यांच्या राज्याच्या सीमेबाहेर होती आणि त्यांचा खर्च खासगीतून होत असे. महेश्वरात आधी सगळे घाट पुरे होऊ देत, मग काशीचे पाहू, असे त्यांनी म्हटले असते तर काशीचे काम राहिलेच असते.

तेव्हा उत्तर असे की छपराचा निधी छपराला, मदतनिधी मंडळीतल्या गरजूंना आणि तिसरा हिस्सा, लहान का होईना, ज्यांची आपली ओळख नाही त्यांना. ही तीन खाती वेगवेगळी ठेवली की भांडण निम्मे कमी होते.

झाबुआ आणि अलीराजपूर जवळच आहेत. तेथे दिले तर ते “जागतिक” दारिद्र्यात धरायचे का?

अवश्य धरावे. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात (यात डॉलरची रेषा नसून आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान पाहतात), २०१५-१६ च्या पाहणीनुसार, अलीराजपूर जिल्ह्यातील सुमारे ७१ टक्के आणि झाबुआतील सुमारे ६९ टक्के लोक दरिद्री ठरले होते. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे, पण हे जिल्हे इंदूरच्या राजवाड्यापासून काही तासांच्या बसप्रवासावर आहेत आणि तेथून मजुरीसाठी गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांच्या गाठोड्यांनी गंगवाल बसस्थानक आपण भरलेले पाहतो. जग म्हणजे फक्त परदेश, ही समजूत सोडावी लागेल.

तरीही जवळचे तेवढेच आपले, या टोकालाही जाऊ नये. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ११ मध्ये क्लौद्याच्या काळातल्या दुष्काळात अंत्युखियाच्या मंडळीने शेकडो मैलांवरच्या यहूदीयाला, बहुतेकांनी कधी न पाहिलेल्या माणसांसाठी, प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे मदत धाडली.

मंडळीच्या खात्यातून थेट परदेशात पैसे पाठवता येतात का?

सहसा नाही, आणि हा मुद्दा उत्साहाच्या भरात विसरला जातो. रहिवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि त्यात देणगीही येते. पण ही योजना मंडळीसारख्या न्यासांना लागू नाही. शिवाय धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकरातून माफी मिळण्यासाठी, ज्या आंतरराष्ट्रीय कल्याणकार्यात भारताला स्वारस्य आहे असेच ते काम असावे लागते आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते.

मंडळीला परदेशातून देणगी येत असेल, तर ती विदेशी अंशदान कायद्याच्या कक्षेत येते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून या कामासाठी केवळ स्थानिक अर्पणातून आलेला पैसा वापरावा आणि तो भारतात नोंदलेल्या, भारतातच काम करणाऱ्या संस्थेला द्यावा, हा सोपा व सुरक्षित मार्ग आहे. साडेसात कोटी अतिदरिद्री माणसे देशातच असताना त्यात जागतिक कामाची काही हानी नाही. ज्या सभासदाला आफ्रिकेतील कामाला द्यायचे आहे त्याने वैयक्तिकरीत्या, बँकेमार्फत, आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला विचारून द्यावे. ओळखीच्या प्रवाशाच्या हाती पाकीट देऊ नये. ही सूचना अनाठायी वाटेल, पण तशी विचारणा आमच्याकडे झालेली आहे.

आमची मंडळी चाळीस-पन्नास कुटुंबांची आहे. आम्ही देऊन काय होणार?

उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या खोलीत अर्पणाची थैली ओततात तेव्हा टेबलावर जे पडते ते एकदा नीट पाहावे. वर शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा असतात, खाली नाण्यांचा ढीग, आणि त्यात हमखास एक दहाची नोट चार घड्या घालून इतकी बारीक केलेली असते की मोजणाऱ्याला ती नखाने उलगडावी लागते. ती कोणाची आहे हे आम्हा मोजणाऱ्यांना वर्षानुवर्षे ठाऊक आहे आणि आम्ही ते बोलत नाही. मार्कच्या १२ व्या अध्यायातील गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांवर, प्रवचन करणे सोपे. त्या दहाच्या नोटेचे पुढे काय झाले हे ती टाकणाऱ्या बाईला सांगणे अवघड, कारण बहुतेक ठिकाणी ती विजेच्या बिलात जाते.

मिझोरमच्या मंडळ्यांत शंभर वर्षांहून अधिक काळ एक रीत आहे. घरातील बाई भात शिजवताना प्रत्येक वेळी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते. ते तांदूळ गोळा करून विकले जातात आणि मुठीमुठीने साठलेल्या त्या रकमेवर तेथील मंडळ्यांचे सेवाकार्य मोठ्या प्रमाणावर चालते. महाराष्ट्रात याला मुष्टिफंड म्हणत आणि त्यावर वसतिगृहे चालली आहेत, म्हणजे आपल्यालाही ही रीत नवी नाही. प्रेषित पौलाने २ करिंथच्या (करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या) ८ व्या अध्यायात ज्या मासेदोनियाच्या मंडळ्यांचे कौतुक केले, त्या स्वतः अत्यंत दारिद्र्यात होत्या.

आता हिशेब पाहा. समजा मंडळीचे वर्षाचे अर्पण सहा लाख रुपये आहे. त्याचे दोन टक्के म्हणजे बारा हजार, महिन्याला हजार. याने जग बदलणार नाही. पण पंधरा मंडळ्यांनी तेवढेच दिले तर वर्षाला एक लाख ऐंशी हजार होतात, आणि झाबुआतल्या एखाद्या कामाला दरवर्षी येणारी ही खात्रीची रक्कम एकदाच आलेल्या दोन लाखांपेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यावर एखाद्या आरोग्यसेविकेला कामावर ठेवता येते.

दशांश मंडळीला द्यायचा की गरिबांना?

दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाच्या भांडारात आणा असे सांगणारा मलाखीचा ३ रा अध्याय सर्वांना पाठ असतो. अनुवादाच्या १४ व्या अध्यायाचा शेवट कोणी वाचत नाही. तेथे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश), परका, पोरका आणि विधवा यांच्यासाठी गावातच साठवावा असे सांगितले आहे. याचे शब्दशः गणित करायला आम्ही सुचवत नाही. सभासदाने आपला दशांश मंडळीला द्यावा आणि मंडळीने त्यातला हिस्सा गरिबांना द्यावा, हे आम्हाला सर्वांत सरळ वाटते, कारण त्यामुळे घराघरांत वाद होत नाहीत आणि जबाबदारी समितीवर येते.

पैसे खरेच गरिबांपर्यंत पोहोचतात, याची खात्री काय?

शंका घेणाऱ्याला अविश्वासू ठरवू नये. खुद्द पौलाने ही शंका आधीच ओळखली होती. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, कारण एवढ्या मोठ्या देणगीबद्दल कोणी आपल्याला दोष देऊ नये आणि गोष्ट केवळ देवापुढे नव्हे तर माणसांपुढेही स्वच्छ असावी, असे त्याचे म्हणणे होते. २ करिंथ ८ मधील हा भाग प्रत्येक खजिनदाराने वाचावा.

एका वर्षी आम्ही पूरग्रस्तांसाठी मोठ्या उत्साहाने निधी जमवला आणि एका ओळखीच्या संस्थेला दिला. पावती आली, त्यापलीकडे काहीच आले नाही. दोन वर्षे लोक विचारत राहिले आणि पुढच्या आवाहनाला अर्पण निम्म्यावर आले. तेव्हापासून आम्ही देण्याआधीच मागतो: नोंदणीचे प्रमाणपत्र, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील ओळख क्रमांक, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि वर्षातून एक पानभर अहवाल. चर्चच्या परंपरेतून आलेल्या आणि देशभर काम करणाऱ्या संस्थांत १९४७ पासूनची कासा आणि १९६२ पासूनची कॅरिटास इंडिया यांची नावे बहुतेकांना माहीत असतात. त्यांनाही हेच प्रश्न विचारावेत. चांगली संस्था याचा राग मानत नाही.

आपल्या बाजूने दोघांनी मिळून मोजावे, वहीत दोघांच्या सह्या असाव्यात आणि तिमाहीचा आकडा सूचनाफलकावर लावावा.

कोणत्या कामावर दिलेला पैसा सर्वाधिक उपयोगी पडतो?

सर्वांत महागडे काम सर्वांत उपयोगी असते असे नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महलनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांतून पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आज औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळणाऱ्या पुडीने जगभरात कोट्यवधी मुले वाचवली आहेत. मलेरियाने २०२३ मध्ये सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले, त्यांतले ९५ टक्के आफ्रिकेत, आणि बहुतेक पाच वर्षांखालची मुले. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी काही शे रुपयांत घरापर्यंत पोहोचते. जगात पाच वर्षांखालील बालमृत्यू १९९० मध्ये वर्षाला सव्वा कोटीच्या घरात होते, ते आता पन्नास लाखांच्या खाली आले आहेत, आणि त्यामागे अशीच स्वस्त साधने आहेत: लस, पुडी, मच्छरदाणी, स्वच्छ पाणी, शिकलेली आई.

जुने कपडे आणि भांडी यांच्या गोण्यांविषयी मात्र सांगावेसे वाटते. त्यांची वाहतूक त्यांच्या किमतीहून महाग पडते. कपाट रिकामे करणे हे वेगळे काम आहे, त्याला अर्पण म्हणू नये.

मदतीमागे धर्मांतराचा हेतू आहे, असा आरोप झाला तर?

आपल्या राज्यात, मध्य प्रदेशात, २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे आणि प्रलोभन देऊन केलेले धर्मांतर त्यानुसार गुन्हा आहे. परंतु कायदा नसता तरीही उत्तर तेच असते. आपत्कालीन मदतीसाठी १९९४ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत, मदत गरज पाहून द्यावी, पंथ पाहून नव्हे, आणि तिचा उपयोग कोणत्याही धार्मिक मताच्या प्रसारासाठी करू नये, हे तत्त्व आहे. ती संहिता तयार करणाऱ्यांत रेड क्रॉसबरोबर जागतिक चर्च परिषद आणि कॅरिटासही होत्या. म्हणून मदतीबरोबर पत्रके वाटू नयेत, प्रार्थनेची अट घालू नये, लाभार्थ्यांच्या यादीत धर्माचा रकाना ठेवू नये.

देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात सावकारीच्या विळख्यातून आदिवासींना सोडवण्यासाठी बचतगट बांधणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या मार्गावर बसमध्ये हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्य (कॅथोलिक चर्चमध्ये संतपदाआधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्यांच्या कामाची भाषा व्याजाचा दर, बँकेचे पासबुक आणि सरकारी योजनेचा अर्ज ही होती.

आवाहन कसे करावे?

रडवून करू नये. उघड्यानागड्या मुलाचे छायाचित्र पडद्यावर दाखवले की त्या रविवारी थैली जड होते आणि पुढच्या रविवारी लोक विसरतात. शिवाय त्या मुलाच्या आईला विचारून ते छायाचित्र काढले होते का, हे आपल्याला ठाऊक नसते. आकडा, ठिकाण आणि काम एवढे तीन मिनिटांत सांगावे. कोणाकडूनही सर्वांसमक्ष रक्कम वदवून घेऊ नये.

कापणीच्या सणाचा लिलाव ही चांगली संधी असते. आमच्याकडे गेल्या खेपेस एका साध्या लाल भोपळ्याची बोली भाजीबाजारातल्या भावाच्या वीसपटीने गेली, आणि ज्या काकांनी तो घेतला त्यांनी तो परत लिलावाला लावला. तो भोपळा तीनदा विकला गेला. लेवीयच्या १९ व्या अध्यायात शेताचे कोपरे गरिबांसाठी न कापता सोडायला सांगितले आहे. सणाच्या लिलावातला काही भाग या खात्यात टाकायला त्याहून योग्य कारण शोधावे लागत नाही.

आयकरात सवलत मिळते का?

संस्थेला ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता असेल आणि देणाऱ्याने जुनी करप्रणाली निवडली असेल, तर काही प्रमाणात मिळते. दोन हजारांहून अधिक रोख देणगीवर मिळत नाही. पावतीखेरीज संस्थेकडून आयकरासाठीचे देणगीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. मंडळीच्या थैलीत टाकलेल्या पैशावर मात्र ही सवलत अपेक्षू नये.

सुरुवात केव्हा आणि कशी करावी? मध्येच उत्पन्न घटले तर?

मार्चआधी होणाऱ्या अंदाजपत्रकाच्या सभेत ठराव आणावा. ठरावात रक्कम न लिहिता टक्केवारी लिहावी, संस्थेचे नाव तीन वर्षांसाठी ठरवावे आणि पैसे तिमाहीला, पहिल्या आठवड्यात, धनादेशाने किंवा बँकेतून जावेत असे नमूद करावे. वर्षाअखेरीस उरले तर देऊ, असे ठरवले की काहीच उरत नाही. १ करिंथच्या १६ व्या अध्यायात पौलाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवायला सांगितले, त्यामागे हाच व्यवहार आहे. उत्पन्न घटले तर टक्केवारीमुळे रक्कम आपोआप घटते आणि वेगळा ठराव लागत नाही. आम्ही पहिल्या वर्षी एक टक्क्यावर थांबलो, कारण दोन टक्क्यांना बहुमत मिळाले नाही. दुसऱ्या वर्षीच्या सभेत दोन टक्क्यांचा प्रस्ताव मांडला तो आधी विरोधात मत दिलेल्या, छपराचा निधी सांभाळणाऱ्या सभासदानेच.